बेळगावच्या पावसाळ्यात वॉशर-ड्रायर : यंत्राची पारख आणि घरच्या घरी होणाऱ्या दुरुस्त्या

जून उजाडला की बेळगावात ओले कपडे हा घरोघरचा प्रश्न होऊन बसतो. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरचे हे शहर सह्याद्रीच्या अगदी कुशीत असल्यामुळे येथे नुसता पाऊस पडून जात नाही, तर दिवसचे दिवस झिमझिम चालू राहते आणि हवेतला दमटपणा सप्टेंबर संपेपर्यंत हटत नाही. खानापूरच्या पुढे कणकुंबी-आमगावच्या पट्ट्यात तर पावसाचे प्रमाण शहराच्या कितीतरी पट असते. माडीवरच्या दोरीवर तीन दिवस टांगलेले शाळेचे गणवेश चौथ्या दिवशीही ओलसर लागतात आणि त्यांना कुबट वास येऊ लागतो. त्यामुळेच धुणे आणि सुकवणे ही दोन्ही कामे एकाच पिंपात करणाऱ्या वॉशर-ड्रायरची चौकशी आता आपल्याकडच्या दुकानांतूनही होताना दिसते. अशा यंत्राचा अनेक पावसाळ्यांचा अनुभव गाठीशी असल्याने, ते घ्यावे की नाही आणि घेतल्यावर कसे वापरावे, याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आमचे यंत्र समोरून दार असलेले आहे. त्याची धुण्याची क्षमता आठ किलो आणि सुकवण्याची पाच किलो आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते या वर्गातील जवळजवळ सर्वच यंत्रांना लागू पडते. माझे मत सुरुवातीलाच सांगते. यंत्र चांगले आहे, परंतु ज्या तक्रारींसाठी लोक मेकॅनिकला बोलावतात त्यांपैकी बहुतेकींचे मूळ यंत्रात नसून घरातील पाण्यात, नळात, विजेच्या जोडणीत किंवा कपडे भरण्याच्या पद्धतीत असते. हे मूळ ज्याला ओळखता येते त्याचा खर्च आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

सर्वांत अधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘ड्रायर नीट सुकवत नाही’. येथे आठ आणि पाच या दोन आकड्यांमधला फरक ध्यानात घेतला पाहिजे. ओले कपडे सुकण्यासाठी पिंपात गरम हवा खेळावी लागते आणि त्यासाठी जागा मोकळी हवी. आठ किलोचे धुणे तसेच ठेवून सुकवण्याचे बटण दाबले, तर दोन-अडीच तासांनी जे बाहेर येते ते बाहेरून गरम, आतून ओलसर आणि सुरकुत्यांनी भरलेले असते. यंत्र निर्दोष असूनही असे होते. धुऊन झाल्यावर निम्मे कपडे बाहेर काढावेत, जाड सुती कपडे एका फेरीला आणि पातळ कपडे दुसऱ्या फेरीला सुकवावेत. टॉवेल आणि नायलॉनचे कपडे एकत्र घातले तर नायलॉन लवकर सुकून तापत राहते आणि टॉवेल मात्र ओलाच राहतो. सुकवण्याआधी पिळण्याचा वेग शक्य तितका जास्त ठेवणे हाही एक मोठा उपाय आहे. मिनिटाला आठशे फेऱ्यांवर पिळलेल्या सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या पाऊणपट पाणी शिल्लक राहू शकते, तर चौदाशे फेऱ्यांवर ते निम्म्याच्या आसपास येते. उरलेले पाणी काढण्यासाठी हीटर चालतो आणि हीटर चालला की मीटर फिरतो. पाच किलो कपडे सुकवण्यास अशा यंत्राला साधारण तीन ते चार युनिट वीज लागते, त्यामुळे हेस्कॉमच्या वीजबिलाची काळजी असणाऱ्यांनी पिळण्याच्या वेगात काटकसर करू नये.

याच संदर्भातील दुसरी गोष्ट विक्रेते बहुधा सांगत नाहीत. बऱ्याच वॉशर-ड्रायरमध्ये कपड्यांतून निघालेली वाफ थंड करण्यासाठी नळाचे गार पाणी वापरले जाते आणि ते पाणी निचऱ्याच्या नळीतून वाहून जाते. म्हणजे सुकवण्याच्या वेळीही नळ चालू असावा लागतो. धुणे संपले म्हणून सवयीने तोटी बंद केली, तर वाफेचे पाणी होत नाही, ती पिंपातच फिरत राहते आणि कपडे ओलेच राहतात, किंवा यंत्र मध्येच थांबून चूक दाखवते. बेळगावच्या काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाणी येऊ लागले असले तरी ज्या घरांत ते ठरावीक दिवशीच येते, तेथे सुकवण्यासाठी खर्ची पडणाऱ्या या पाण्याचा हिशेब यंत्र घेण्यापूर्वीच करावा. हीट पंपावर, म्हणजे तीच उष्णता पुन्हा वापरणाऱ्या यंत्रणेवर, चालणाऱ्या स्वतंत्र ड्रायरला असे पाणी लागत नाही आणि वीजही पुष्कळ कमी लागते, पण त्याची किंमत जास्त असते आणि जागाही वेगळी द्यावी लागते. स्वतंत्र ड्रायर असल्यास त्याची लिंटची, म्हणजे कपड्यांतून निघणाऱ्या बारीक तंतूंची, जाळी प्रत्येक फेरीनंतर हाताने साफ करावी. जाळी तुंबली की हवा अडते, आतील तापमान वाढते आणि सुरक्षेसाठी बसवलेला कटआउट हीटर बंद करतो, मग पिंप फिरते पण हवा गार येते. साचलेला लिंट पेट घेऊ शकतो, म्हणून हे काम उद्यावर टाकण्यासारखे नाही. एकत्रित यंत्रांत अशी जाळी बऱ्याचदा नसते. त्यांतला लिंट दाराच्या रबरात आणि खालच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतो, म्हणून त्या दोन्ही जागा वारंवार पाहाव्या लागतात.

पाण्याच्या प्रश्नावर जरा थांबणे भाग आहे, कारण आपल्याकडे निम्म्याहून अधिक कटकटी येथूनच सुरू होतात. यंत्र चालू होते, दार बंद होते, पण पाणी अगदी बारीक धारेने येते आणि काही वेळाने चूक दाखवणारा संदेश दिसू लागतो. असे झाल्यास प्रथम तोटी पूर्ण उघडी आहे का आणि भिंत व यंत्र यांच्यामध्ये पाइप चिमटला आहे का, हे पाहावे. त्यानंतर तोटी बंद करून पाइपचे यंत्राकडचे टोक सोडवावे. तो जेथे जोडलेला असतो त्या यंत्राच्या तोंडात नखाएवढी एक प्लास्टिकची जाळी असते, ती पकडीने हलकेच बाहेर ओढता येते. पहिल्या पावसानंतर आमच्या घरची जाळी काढली तेव्हा तिच्यावर बारीक लाल गाळाचा थर इतका घट्ट बसला होता की भोके दिसतच नव्हती. जुन्या टूथब्रशने ती वाहत्या पाण्याखाली घासली आणि यंत्र लगेच पूर्ववत भरू लागले. राकसकोप किंवा हिडकल धरणाचे पाणी नळाला येत असले तरी घरातली टाकी वर्षानुवर्षे न धुतल्यास तळाचा गाळ पाइपात उतरतो, त्यामुळे मे महिन्यात टाकी धुऊन घेणे हाच या तक्रारीवरचा खरा उपाय आहे.

जाळी स्वच्छ असूनही धार बारीक असेल तर दाबाचा विचार करावा. समोरून दार असलेल्या बहुतेक यंत्रांना कमीत कमी ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. टाकीतील पाणी तोटीपेक्षा दहा फूट उंच असेल तर जेमतेम ०.३ बार दाब मिळतो. तळमजल्यावरचे यंत्र त्यामुळे सुखाने चालते आणि वरच्या मजल्यावर, टाकीच्या लगेच खाली ठेवलेले तेच यंत्र अडखळते. आमचे वडगावचे मेकॅनिक आमच्या एका नातेवाइकांच्या घरी आले असता त्यांनी यंत्राला हातही न लावता पाइपखाली बादली धरली, ती भरायला लागणारा वेळ पाहिला आणि म्हणाले, “वैनी, मशीन बिघडलेलं नाही बगा, पाण्यालाच जोर नाही. टाकी उचला, नाहीतर छोटा पंप बसवा.” टाकीखाली चौथरा बांधल्यावर ती तक्रार पुन्हा आली नाही. यंत्र उघडून उगीच भाग बदलायला न सांगणारा असा माणूस मिळणे मोलाचे आहे आणि त्यांची फी देताना मला कधी जड वाटलेले नाही.

बोअरच्या पाण्याची गोष्ट निराळी. ते जड असल्यास पावडर नीट विरघळत नाही, टॉवेल कडक होतात, काळ्या कपड्यांवर पांढुरके डाग राहतात आणि हीटरवर क्षारांचा थर चढत जातो. थर चढलेला हीटर पाणी तापवायला जास्त वेळ घेतो आणि शेवटी जळतो. यावर किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्व, म्हणजेच सायट्रिक अॅसिड, उपयोगी पडते. सुमारे शंभर ग्रॅम लिंबूसत्व रिकाम्या पिंपात टाकून साठ अंशांची एक फेरी चालवली की बराचसा थर सुटतो. मात्र आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत याला मनाई नाही ना, हे आधी वाचावे. हे करताना ब्लीच किंवा तत्सम काहीही त्यात मिसळू नये, कारण आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. ज्यांच्याकडे नळाचे आणि बोअरचे अशी दोन्ही पाणी आहेत त्यांनी यंत्राला नळाचेच पाणी जोडावे.

निचरा होत नसल्यास बहुतेक वेळा यंत्राच्या खालच्या कोपऱ्यातील फिल्टर तुंबलेला असतो. यंत्र बंद करून प्लग काढावा, आतील पाणी गरम असल्यास ते निवू द्यावे, खाली पसरट भांडे आणि फडके ठेवावे, छोटी नळी असल्यास तिच्यातून पाणी सोडावे आणि मगच फिल्टरची चकती सावकाश फिरवावी. आमच्या फिल्टरमधून एकदा एक रुपयाचे नाणे, केसांची पिन, तुटलेल्या मंगळसूत्राचे काळे मणी आणि या सर्वांना धरून बसलेला राखाडी लगदा निघाला होता. मणी पंपाच्या पात्याजवळ अडकले असते तर पंपच बदलावा लागला असता. कपडे टाकण्यापूर्वी खिसे चाचपणे आणि मण्यांचे, टिकल्यांचे काम असलेले कपडे जाळीच्या पिशवीत घालणे एवढे केले तरी पुरते. याच्या उलट तक्रार असेल, म्हणजे यंत्र सतत पाणी घेते पण भरतच नाही, तर निचऱ्याची नळी पाहावी. तिचे टोक साधारणपणे जमिनीपासून साठ ते शंभर सेंटिमीटर उंचीवर असावे लागते. मोरीच्या तोंडाशी ती जमिनीवर टाकून ठेवली की भरलेले पाणी आपोआप ओढले जाऊन वाहून जाते. नवीन घरांत प्लंबर ही नळी सोयीसाठी खाली सोडतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

पिळताना होणाऱ्या धडधडीविषयी. नवे यंत्र पहिल्याच दिवशी जागेवरून सरकू लागले तर वाहतुकीत पिंप हलू नये म्हणून मागच्या बाजूला लावलेले बोल्ट काढायचे राहिले आहेत का, हे सर्वांत आधी पाहावे, कारण ते तसेच ठेवून यंत्र चालवल्यास आतील स्प्रिंगा आणि पिंप यांना गंभीर इजा होते. त्यानंतर चारही पाय फरशीवर सारखे टेकले आहेत का, हे यंत्राच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांवर हात दाबून तपासावे. आपल्या मोरीत पाणी वाहून जाण्यासाठी फरशीला उतार दिलेला असतो, त्यामुळे तेथे ठेवलेल्या यंत्राचे पाय पान्याने फिरवून उंची जुळवावीच लागते. एवढे करूनही धडधड होत असेल तर कारण कपड्यांत असते. एकटी जाड चादर किंवा एकटी कांबळ पिंपाच्या एका बाजूला गोळा होते, यंत्र तोल जुळवण्याचा प्रयत्न करत राहते आणि शेवटी न पिळताच थांबते. अशा वेळी सोबत दोन-तीन टॉवेल घालावेत. रेनकोट, ताडपत्री आणि जलरोधक जॅकेट मात्र यंत्रात कधीही पिळू नये. त्यांतून पाणी बाहेर पडत नाही, ते घडीत साचून राहते आणि पूर्ण वेगात असताना एकदम सरकले तर यंत्र उसळून मोडू शकते. पावसाळ्यात चिखलाने भरलेले मुलांचे रेनकोट धुण्यात टाकण्याचा मोह होतो, म्हणून हे ठळकपणे सांगते आहे.

विजेच्या बाबतीत तडजोड करू नये. दोन हजार वॅटचा हीटर सुमारे नऊ अँपिअर प्रवाह खेचतो, त्यामुळे सहा अँपिअरच्या साध्या प्लगवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर हे यंत्र चालवणे धोक्याचे आहे. सोळा अँपिअरचा सॉकेट आणि तपासून घेतलेले अर्थिंग असल्याशिवाय ते जोडूच नये. एप्रिल-मेमधील वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवावा, कारण यंत्र चालवणारा आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड हा सर्वांत महागड्या भागांपैकी एक आहे. मध्येच वीज गेल्याने दार उघडत नसेल तर ओढाताण करू नये. कुलूप सुटायला काही मिनिटे लागतात, आणि आत पाणी असल्यास ते सोडल्याशिवाय दार उघडता कामा नये. उंदीर हा आणखी एक शत्रू आहे. यंत्राचा तळ उघडा असेल तर ते आत शिरून वायरी कुरतडतात, म्हणून तळाला जाळी किंवा पत्रा बसवून घ्यावा.

वासाची तक्रार तुलनेने सोपी आहे. धुणे संपल्यावर दाराचे रबर पुसून दार किलकिले ठेवावे, पावडरचा कप्पा महिन्याकाठी बाहेर काढून धुवावा आणि पावडर नेमून दिल्याइतकीच घालावी. जास्त फेस झाला की यंत्र तो घालवण्यासाठी पाणी आणि वेळ वाढवत राहते, कपड्यांत साबण उरतो आणि त्याच्याच थरावर बुरशी धरते.

हे सर्व वाचून ज्यांना वॉशर-ड्रायर नकोसे वाटेल त्यांच्यासाठी सेमी-ऑटोमॅटिक हा आजही उत्तम पर्याय आहे. खानापूर तालुक्यात माझ्या नणंदेकडे तेच आहे आणि तेथील पाण्याच्या व विजेच्या परिस्थितीत ते अधिक टिकाऊ ठरले आहे. त्याचा पिळणारा डबा फिरत नसेल तर वरचे झाकण पूर्ण बसले आहे का आणि कपड्यांवर ठेवायची प्लास्टिकची चकती जागेवर आहे का, हे पाहावे. एखादा मोजा डब्याच्या कडेवरून खाली घसरून अडकलेला असतो. डबा नुसता गुणगुणतो पण फिरत नाही, असे झाल्यास बहुधा कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग, गेलेला असतो. प्लग काढल्यानंतरही त्यात विजेचा साठा राहू शकतो, म्हणून तो घरी उघडू नये. हीटर, मोटर आणि बोर्ड यांच्या बाबतीतही माझा हाच आग्रह आहे.

कंपनीच्या सेवेबद्दल माझे मत संमिश्र आहे. तंत्रज्ञ वेळेवर आले आणि त्यांनी काम नीट केले, पण सुटा भाग शहरात उपलब्ध नसल्याने वाट पाहावी लागली. पुस्तिका इंग्रजी आणि हिंदीत मिळाली. येथील मराठी वा कन्नड वाचणाऱ्या गृहिणीला ती आपल्या भाषेत मिळाली असती तर निम्मे फोन करावेच लागले नसते. बिघाड झाल्यावर पडद्यावर दिसणारी अक्षरे कंपनीगणिक बदलतात. एलजीच्या यंत्रांवर पाणी येत नसल्यास आयई, पाणी जात नसल्यास ओई आणि तोल बिघडल्यास यूई दिसते, तर सॅमसंगच्या नव्या यंत्रांवर पहिल्या दोन कारणांसाठी ४सी आणि ५सी येते. आपल्या यंत्राची अशी अक्षरे मराठीत लिहून यंत्राशेजारी चिकटवावीत, म्हणजे घरातील कोणालाही नेमके काय तपासायचे ते कळते.

ज्या घरात दाबाने नळाचे पाणी येते, सोळा अँपिअरची जोडणी आहे आणि लहान मुले किंवा आजारी माणसे असल्याने रोजचे कपडे त्याच दिवशी कोरडे व्हावे लागतात, त्या घराला मी हे यंत्र निःसंकोच सुचवीन. विकत घेताना पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड मागून घ्यावे. मोटरची दहा वर्षांची वॉरंटी बहुधा फक्त मोटरच्या भागापुरतीच असते आणि उंदरांनी केलेले नुकसान बहुतेक अटींमध्ये वगळलेले असते, त्यामुळे त्या अटी दुकानात बसूनच वाचाव्यात. वॉरंटी असूनही कोणी टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तेव्हा बिलाची तारीख आणि यंत्राचा अनुक्रमांक विचारला जाऊ शकतो. हा अनुक्रमांक बहुधा दाराच्या आतील कडेवर किंवा यंत्राच्या पाठीमागे चिकटवलेला असतो, म्हणून यंत्र भिंतीला लावण्यापूर्वीच त्याचा फोटो काढून ठेवावा.